धरून ठेवलेले पैसे

मिरजोळ्याला विमानतळ आहे असे परगावच्या माणसाला सांगितले, की त्याच्या डोळ्यांपुढे सामानाच्या ढकलगाड्या आणि प्रवाशांच्या रांगा उभ्या राहतात. आम्ही या बाजूला आल्यापासून त्या धावपट्टीवर उतरताना पाहिली ती बहुधा तटरक्षक दलाची विमाने. पाहुणे येतात ते कोकण रेल्वेने. रत्नागिरी स्थानकावर उतरून बॅगा सांभाळीत घाटी चढल्यासारखे रस्त्यावर येतात आणि मग गाडी शोधतात. कुणाला गणपतीपुळे गाठायचे असते, कुणाला पावस, कुणाला लग्नघर. त्यांच्यासाठी या परिसरात भाड्याच्या गाड्यांचा धंदा चांगला फोफावला आहे.

आमच्या धर्मग्रामाची काही घरे मिरजोळ्याच्या हद्दीत येतात. घरभेटींसाठी स्कूटरवरून औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने जाताना एका लहानशा गाळ्यापाशी आम्ही हमखास थांबतो. गाळ्याचा मालक आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण आहे. वडील आयुष्यभर रिक्षा चालवीत होते. मुलाने कर्ज काढून एक गाडी घेतली, ती फेडता फेडता दुसरी घेतली, आज तीन आहेत. तिन्हींना पिवळी पाटी आहे आणि त्या चालकासह भाड्याने जातात. गाळ्यात एक काचेचे टेबल, भिंतीवर क्रूस, कॅलेंडर, चाव्यांची खुंटी आणि टेबलावर कार्ड घासावयाचे ते यंत्र. आता ते घासावे लागत नाही, चिप आत सरकवतात किंवा नुसते टेकवतात, पण आमच्या तोंडी ‘घासणे’ हाच शब्द बसला आहे.

आम्ही लिहीत आहोत ते या यंत्राविषयी. धर्मगुरूंना यात काय कर्तव्य, असे वाचकांना वाटेल. गेल्या नाताळपर्यंत आम्हांलाही तसेच वाटत होते.

झाले असे. कुवेतमध्ये नोकरी करणारे आमच्या धर्मग्रामाचे एक गृहस्थ धाकट्या भावाच्या लग्नासाठी सहकुटुंब आले होते. आठ दिवसांसाठी त्यांनी या तरुणाची गाडी घेतली. अनामत म्हणून वीस हजार रुपये त्यांनी आपल्या तिकडच्या बँकेच्या कार्डावरून दिले. लग्न थाटात झाले, गाडी परत गेली, आठ दिवसांचे भाडे त्यांच्या भावाने मोबाइलवरून चुकते केले. अनामत आज परत करतो, असा शब्द तरुणाने दिला. त्याच रात्री गृहस्थांच्या वृद्ध आई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात आगाऊ रक्कम भरावयाची होती. लग्नाच्या खर्चाने कार्डाची मर्यादा संपत आली होती आणि हे वीस हजार त्यातच अडकलेले. कार्ड पुढे केले, ते नाकारले गेले. पुन्हा दिले, पुन्हा नाकारले. रांगेत मागे उभी असलेली माणसे पाहत होती.

सोमवारी गाडी परत गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. बसलेही नाहीत. म्हणाले, “फादर, तुमच्या त्या पोराने माझे वीस हजार खाल्ले. मी चर्चमध्ये उभा राहून सांगणार आहे.”

आम्ही त्यांची समजूत घातली, पण मनातून त्यांचे म्हणणे आम्हांला पटले होते, हे कबूल केले पाहिजे. आई इस्पितळात, माणूस संतापाने थरथरतो आहे, आणि समोर नसलेला तरुण धंदेवाईक! आम्ही तेथूनच दूरध्वनी केला आणि एरवी ज्या आवाजात बोलत नाही त्या आवाजात त्याला सांगितले, “उद्या सकाळच्या मिस्साआधी पैसे यांच्या हातात पडले पाहिजेत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “फादर, पैसे माझ्याकडे नाहीतच. मी परत पाठवले. बँकेने माझ्या खात्यातून वळते केलेत.”

आम्हांला ही सबब वाटली. देणारा म्हणतो दिले, घेणारा म्हणतो मिळाले नाहीत. मग वीस हजार रुपये आहेत तरी कुठे?

हा प्रश्न आम्हांला नवा वाटावयास नको होता. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या भाचीकडे आयर्लंडला गेलो होतो. ती तेथे परिचारिका आहे. आम्हांला नॉकच्या पवित्र मातेचे दर्शन घ्यावयाचे होते. ते स्थान पश्चिमेला मेयो परगण्यात, डब्लिनपासून बरेच दूर आहे. तिच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. म्हणून विमानतळावरच्या एका कंपनीकडून चार दिवसांसाठी गाडी घ्यावयाचे ठरले. गाडी ती चालविणार होती आणि खर्च आम्ही करणार होतो. निदान आमचा तसा बेत होता. खिडकीपाशी आम्ही मोठ्या रुबाबात आमचे पुण्याच्या बँकेचे डेबिट कार्ड पुढे केले. पलीकडच्या मुलीने ते हसून परत दिले. कार्ड क्रेडिटचे हवे आणि गाडी चालविणाऱ्याच्याच नावाचे हवे, असा त्यांचा नियम होता.

भाचीने तिचे कार्ड दिले. त्या मुलीने कागदावर एका रकमेखाली रेघ मारली, ती रक्कम मोठ्याने वाचून दाखविली आणि भाचीची सही घेतली. भाड्याव्यतिरिक्त सुमारे दीड हजार युरो कार्डावर ‘धरून’ ठेवले जाणार होते. गाडीला ओरखडा आला, टाकी अर्धी भरून परत केली, कुठे दंड झाला, तर त्यातून कापून घेता यावे म्हणून. आम्ही प्रवासाच्या आनंदात होतो. फारसे लक्ष दिले नाही.

तिसऱ्या दिवशी एका दुकानात बाळाची दुधाची भुकटी, लंगोट आणि पाव-लोणी घेतले आणि भाचीचे कार्ड चालेना. तिचा चेहरा लाल झाला. आमच्या खिशात एका आयरिश कुटुंबाने मिस्सासाठी दिलेली पन्नास युरोंची नोट होती, ती उपयोगी पडली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “मामा, पैसे माझेच आहेत. कुणी घेतलेले नाहीत. पण ते मला वापरता येत नाहीत.” गाडी परत केल्यानंतर ती रक्कम मोकळी व्हावयास जवळजवळ एक आठवडा गेला. तो आठवडा तिने मैत्रिणीकडून उसने घेऊन काढला, आणि हे तिने आम्हांला आम्ही भारतात परतल्यावर सांगितले. पाहुणे आम्ही होतो आणि नॉकचा हट्टही आमचाच होता.

इतके अंगावरून जाऊनही मिरजोळ्याच्या त्या तरुणाला दूरध्वनीवर झापताना आम्हांला डब्लिनची खिडकी आठवली नाही. ती आठवली रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या वित्त समितीतील एका सदस्यांना बरोबर घेतले. ते राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत आणि सावकाश बोलतात. आमचा विचार सरळ होता. तरुणाने कुठूनही वीस हजार उभे करावेत, गृहस्थांना रोख द्यावेत आणि भांडण मिटवावे. तरुणही तयार होता. बँकवाल्यांनी मात्र हात वर केला. “फादर, असे करू नका. कार्डावरून आलेले पैसे त्याच कार्डावर परत गेले पाहिजेत, हा या व्यवहाराचा मूळ नियम आहे. याने परतावा खरोखर टाकला असेल तर तो वाटेत आहे. आज रोख दिलेत तर चार दिवसांनी त्यांना दुसऱ्यांदा मिळतील, आणि मग हा त्यांच्या मागे फिरेल.”

मग त्यांनी ते यंत्र जवळ ओढले आणि आम्हां दोघांना समजावून सांगू लागले. त्यांचे सांगणे आम्ही आमच्या शब्दांत मांडतो, कारण आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत आणि कित्येकांच्या अंगणात पिवळ्या पाटीची गाडी उभी आहे.

आंब्याच्या दिवसांत गिऱ्हाईक बागेत येते आणि म्हणते, “ही पेटी माझी. संध्याकाळी नेईन.” बागवाला पेटीवर नाव लिहून ती बाजूला ठेवतो. पेटी अजून विकली गेलेली नाही, पैसे मिळालेले नाहीत, पण दुसऱ्या कुणाला ती देताही येत नाही. गिऱ्हाईक आले तर नेईल. आलेच नाही तर नाव पुसून पेटी पुन्हा ढिगात जाईल. कार्डावर रक्कम ‘धरणे’ म्हणजे हेच, फक्त येथे पेटी गिऱ्हाइकाची आणि नाव लिहिणारा गाडीवाला. यंत्रावर त्यासाठी वेगळा पर्याय असतो. धंद्यातली मंडळी त्याला ‘प्री-ऑथ’ म्हणतात. ती सोय बँकेकडून मागून घ्यावी लागते. गाडी परत आली की जेवढे बिल झाले तेवढेच त्या धरलेल्या रकमेतून घ्यावयाचे आणि उरलेले सोडून द्यावयाचे. काही न करता सोडून दिले तरी काही दिवसांनी गिऱ्हाइकाची बँक ते आपोआप मोकळे करते. किती दिवसांनी, ते त्या त्या बँकेवर अवलंबून असते.

आमच्या तरुणाकडे ती सोय नव्हती. ती असते हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने साधा ‘सेल’ केला होता. म्हणजे वीस हजारांची विक्री झाली अशी नोंद होऊन पैसे सरळ त्याच्या खात्यात आले. त्याच दिवशी चूक लक्षात आली असती, तर रात्री यंत्राचा हिशेब बंद होण्यापूर्वी ‘व्हॉइड’ करून तो व्यवहार पुसून टाकता आला असता. आठ दिवसांनी तो मार्ग उरला नव्हता. आता फक्त ‘रिफंड’, म्हणजे उलट दिशेने नवा प्रवास: गाडीवाल्याच्या बँकेकडून कार्डाच्या जाळ्यात, तेथून कुवेतच्या बँकेत आणि तेथून गृहस्थांच्या खात्यात. त्यात आणखी एक गंमत. कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी, आपल्याकडे रविवारी. म्हणजे तीन दिवस कुणा ना कुणाचे दार बंद.

“पण तू सोमवारी रिफंड टाकलास ना?” आम्ही विचारले. “मग शुक्रवारपर्यंत चार दिवस गेले.”

तरुण खाली पाहू लागला. मग त्याने सांगितले. वीस हजार खात्यात आले त्या आठवड्यात तिसऱ्या गाडीचा हप्ता होता. तो त्याने त्यातून भरला. सोमवारी रिफंडचे बटण दाबले, पण खात्यात तेवढी जमा नव्हती आणि तो परतावा पुढे गेलाच नाही. यंत्रातून निघालेली चिठ्ठी त्याने वाचली नव्हती. गुरुवारी दोन भाडी जमा झाली तेव्हा पुन्हा दाबले, आणि त्या वेळी ते गेले. “फादर, खायचे नव्हते मला. फिरवले फक्त,” तो म्हणाला.

पुण्याच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही दोन लॅटिन शब्द घोकले होते: ‘देपोझितुम’ आणि ‘पिन्युस’. पहिला म्हणजे सांभाळावयास दिलेली ठेव, दुसरा म्हणजे तारण. दोन्हींच्या बाबतीत प्राध्यापक बजावून सांगत, की ठेवून घेणाऱ्याने ती वस्तू स्वतःसाठी वापरावयाची नाही. परीक्षेपुरते आम्ही ते लिहिले आणि पुढे विसरलो. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तारणाविषयीचा नियम आहे, तो अधिक बारकाईचा आहे. तारण घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरावयाचे नाही, बाहेर थांबावयाचे. ते त्याने स्वतः आणून द्यावयाचे. आणि गरिबाचे पांघरूण तारण म्हणून घेतले असेल, तर सूर्य मावळल्यावर ते परत करावयाचे, कारण रात्री त्याला तेच अंगावर घ्यावयाचे असते. त्या गाळ्यात बसून हा अध्याय आम्हांला प्रथमच पैशांच्या यंत्रासारखा नेमका वाटला. कुवेतच्या गृहस्थांचे पांघरूण सोमवारी रात्रीच लागणार होते.

तरीही त्या तरुणाला चोर म्हणण्याची आमची तयारी नव्हती, आणि आजही नाही. हप्ता चुकला तर गाडी ओढून नेतात. तीन गाड्यांच्या धंद्यात खात्यातला पैसा अनामतीचा कोणता आणि भाड्याचा कोणता, याला रंग नसतो. म्हणूनच बँकवाल्यांचा ‘प्री-ऑथ’चा आग्रह आम्हांला पटला. जी रक्कम मुळात खात्यात येतच नाही ती फिरवताही येत नाही.

खरा घोर पुढेच होता. बोलता बोलता बँकवाल्यांचे लक्ष टेबलावरच्या एका शंभर पानी वहीकडे गेले. त्यांनी ती उघडली आणि त्यांचा सावकाशपणा कुठल्या कुठे गेला. वहीत गिऱ्हाइकांची नावे होती, त्यांच्यापुढे कार्डाचे सोळा आकडे, मुदत संपण्याचा महिना आणि पाठीमागचे ते तीन आकडेसुद्धा. चाळीसच्या वर कार्डे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. गाळ्याला रात्री साधे कुलूप असते.

“हे कशासाठी?”

“नंतर काही निघाले तर, अंकल. चलान येते.”

त्याचे कारण खोटे नव्हते. गाडी पुण्या-मुंबईला जाऊन येते, द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा वेगाचा फोटो काढतो आणि दंडाची ई-चलाने मालकाच्या नावावर मागाहून येतात. टोल तर फास्टॅगमधून, म्हणजे मालकाच्याच पैशांतून, त्याच क्षणी जातो. पाहुणा “घाई करा, गाडी चुकेल” म्हणून चालकाला पिटाळतो आणि दंड भरावयाच्या वेळी दूरध्वनी उचलत नाही. अशा वेळी हाती काहीतरी असावे म्हणून त्याने ही वही ठेवली होती.

पण कार्डाचे ते तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यानंतर दुकानदाराने कुठेही साठवू नयेत, असा साऱ्या जगातील कार्डव्यवहाराचा नियम आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालविणाऱ्या संस्था यांखेरीज कुणालाही कार्डाचे आकडे जपून ठेवता येत नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा लागतो, म्हणून आपली कार्डे थोडी तरी सुरक्षित आहेत. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर खरेदी होते. ती वही कुणाच्या हाती लागली असती, तर चाळीस घरांत आमच्या कुवेतच्या गृहस्थांसारखी रात्र उगवली असती, आणि पोलीस प्रथम या गाळ्यावर आले असते. कार्डाचा असा गैरवापर झाला, तर वाचकांनी त्या व्यवहाराचा बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत आपल्या बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, तर त्या मुदतीत कळविणाऱ्या ग्राहकावर त्या नुकसानीचा भार पडत नाही. पुढे उशीर होईल तसा तो पडू लागतो.

वही फाडावयाची म्हणताच तरुण उसळला. इतका वेळ मान खाली घालून बसलेला तो एकदम म्हणाला, “फादर, सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूचेच बोलतात. माझे अठरा हजार गेले तेव्हा कोण आले होते?”

ती हकीकत आम्हांला ठाऊक नव्हती. एका पाहुण्याने मोबाइलवरच्या दुव्यावरून क्रेडिट कार्डाने अठरा हजार भरले, पाच दिवस गाडी फिरवली, आणि महिनाभराने आपल्या बँकेकडे तक्रार केली की ही सेवा आपल्याला मिळालीच नाही. बँकेने रक्कम उलट फिरवली. धंद्यात याला ‘चार्जबॅक’ म्हणतात. तरुणाच्या बँकेने त्याच्याकडे पुरावा मागितला आणि उत्तरासाठी थोडे दिवस दिले. त्याच्याजवळ काय होते? दोन दूरध्वनी आणि चालकाची आठवण. ड्यूटी स्लिप चालकाने भरलीच नव्हती. निघतानाचे किलोमीटर, परततानाचे किलोमीटर, वेळ आणि खाली प्रवाशाची सही, एवढा एक कागद असता तर त्याची बाजू उभी राहिली असती. कार्डाचा आकडा वहीत लिहिलेला होता, पण तो काही सिद्ध करीत नव्हता. बँकवाल्यांनी हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. आमच्या मते वही सुटली ती येथे, नियमांच्या धाकाने नव्हे.

त्या संध्याकाळी आणखी दोन गोष्टी निघाल्या. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून तो शेकडा दोन रुपये जादा घेत असे, कारण “मशीनवाले कापतात.” डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्येच कमाल आकार ठरवून दिला आहे: वीस लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यापाऱ्यास यंत्रावर शेकडा चाळीस पैसे, मोठ्यास नव्वद पैसे. तोही गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये असे बजावले आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर जानेवारी २०२० पासून हा आकारच नाही. क्रेडिट कार्डावर तो अधिक असतो, हे खरे. पण हा सर्वांकडून सरसकट दोन टक्के घेत होता. त्याला आम्ही थोडे बोललो. त्याने ऐकून घेतले, आवडले नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या मनातल्या नव्या बेताची. त्याला चालकाविना गाडी द्यावयाची होती. पुण्याची तरुण मंडळी तशीच मागतात. एका मित्राच्या दोन पांढऱ्या पाटीच्या गाड्या तो आणणार होता आणि त्यासाठीच त्याला भरपूर अनामत हवी होती. या धंद्याला १९८९ पासून केंद्र सरकारची स्वतंत्र योजना लागू आहे आणि तिच्यात परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट आहे. गोव्यात आपण पाहतो त्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या अशा परवान्याच्या. खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात झटकू शकते. मग कार्डावर वीस हजार धरा नाहीतर पन्नास हजार, एका मोडलेल्या पायाचीही ती किंमत होत नाही. तीन गाड्यांच्या मालकाला पन्नासची अट जाचक वाटते, आणि ती लहान माणसाला बाहेर ठेवते असे आम्हांलाही वाटते. परंतु तोवर पांढरी पाटी नको, एवढे त्याने आमच्यासमोर मान्य केले. पुढचे तो आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी.

कुवेतच्या गृहस्थांना आम्ही शुक्रवारी रात्रीच आमच्याजवळचे वीस हजार उसने दिले होते. शस्त्रक्रिया झाली. आईंना आता काठी घेऊन चालता येते. परतावा पुढच्या बुधवारी त्यांच्या कार्डावर जमा झाला. विनिमय दरातील फरकाने तो थोडा कमी भरला आणि त्यावरून पुन्हा कुरकूर झाली. आमचे पैसे त्यांच्या भावाने फेब्रुवारीत आणून दिले. ते स्वतः कुवेतला परतण्यापूर्वीच्या रविवारी मिस्साला आले होते. तरुणही आला होता. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी दोघे मंदिराच्या दोन टोकांना होते, आणि आम्ही वेदीवरून पाहिले, की दोघांनीही आपल्या शेजाऱ्यांकडेच तोंड केले.

आमचाही एक हिशेब राहिला होता. दूरध्वनीवर आम्ही त्याला जे बोललो ते गृहस्थांच्या देखत बोललो होतो, काहीही न विचारता. सोमवारी गाळ्यावर जाऊन आम्ही त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “राहू दे, फादर,” आणि आमच्यासाठी चहा मागवला. त्याच दिवशी गाळ्यामागे वाळक्या आंब्याच्या पानांबरोबर त्याने वही जाळली. पुठ्ठा जळावयास वेळ लागला. तो काडीने उलटसुलट करीत होता.

बँकवाल्यांनी त्याला बँकेतून ‘प्री-ऑथ’ची सोय मिळवून दिली. आम्ही एक कागद लिहून दिला, मराठीत आणि खाली इंग्रजीत: किती रक्कम धरली जाईल, ती खात्यातून जाणार नाही पण वापरता येणार नाही, कोणत्या कारणांसाठी त्यातून कापले जाईल, गाडी आली त्याच दिवशी आमच्याकडून सोडली जाईल, आणि तुमच्या बँकेला मोकळी करावयास आणखी काही दिवस लागू शकतात. घरात आजारी माणूस असेल किंवा कार्डाची मर्यादा थोडी असेल तर आधी सांगावे, हे शेवटचे वाक्य आम्ही आग्रहाने घातले. बँकवाल्यांना ते अनावश्यक वाटले होते.

उपवासकाळात एका दुपारी आम्ही त्या गाळ्यात बसलो होतो. सांगलीचे एक कुटुंब गाडी घ्यावयास आले. मुले उन्हाने कंटाळली होती. तरुणाने कागद काढला आणि वाचावयास सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला ते गृहस्थ म्हणाले, “कळलं हो, टाका लवकर.” त्यांनी कार्ड यंत्रावर ठेवलेही. तरुणाने ते उचलून त्यांच्या हातात परत दिले आणि कागद शेवटपर्यंत वाचला.